वाचकांचे प्रश्न : जुनी पोलीस केस आणि अमेरिकेचं नागरिकत्व

प्रश्न : २०१९ मध्ये ग्रीन कार्ड मिळालं. मार्च २०२३ मध्ये दारू पिऊन गाडी चालवताना पकडलो गेलो. म्युनिसिपल कोर्टात चूक कबूल केली, दंड भरला, सक्तीचे वर्गही पूर्ण केले. एन-४०० (नागरिकत्वाचा अर्ज) आता भरू की थांबू?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : एका डीडब्ल्यूआयमुळे (दारू पिऊन गाडी चालवण्याच्या गुन्ह्यामुळे) अर्ज आपोआप फेटाळला जात नाही. मात्र गेल्या पाच वर्षांत अशा दोन शिक्षा असतील, तर २०१९ च्या अ‍ॅटर्नी जनरलांच्या निर्णयानुसार तुमचं 'सदाचरण' नाही असं गृहीत धरलं जातं आणि ते खोडून काढण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. ही पाच वर्षं अर्जाच्या तारखेपासून मागे मोजतात आणि शपथ घेईपर्यंत पुढेही चालू राहतात. अर्ज भरल्यानंतर दुसऱ्यांदा सापडलात, तर सगळा हिशेब बदलतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये नागरिकत्वाचे अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्यांना नवे निर्देश आले. गंभीर गुन्हा नाही एवढ्यावर आता भागत नाही. नोकरी, करभरणा, कुटुंबाची जबाबदारी, समाजातलं काम या सगळ्याचं वजन केलं जातं आणि वारंवार होणारे वाहतुकीचे दंडही विरुद्ध बाजूला धरले जाऊ शकतात. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे : घाईचं कारण नसेल, तर त्या शिक्षेला पाच वर्षं पूर्ण होऊ द्या. अधिकारी त्याआधीचंही पाहू शकतो, पण तेव्हा तुमची बाजू बरीच मजबूत असेल. ऑनलाइन अर्जाचे ७१० डॉलर नकार आला तरी परत मिळत नाहीत.

आत्ताच भरायचं ठरवलंत, तर कोर्टाच्या शिक्क्याचा निकालाचा दाखला आधी मिळवा. कोर्टाच्या वेबसाइटवरून काढलेला प्रिंटआउट चालेल असं समजून लोक इंटरव्ह्यूला जातात आणि केस तिथेच अडकते. दंड भरल्याची पावती, वर्ग पूर्ण केल्याचं पत्र, मोटार व्हेइकल कमिशनचा ड्रायव्हिंग रेकॉर्ड आणि आयआरएसची (अमेरिकेच्या करखात्याची) टॅक्स ट्रान्सक्रिप्ट हेही सोबत ठेवा. आणखी एक गोष्ट सगळ्यांसाठी : कुठल्याही प्रकरणात प्रोबेशन (कोर्टाने ठरवलेली देखरेख) चालू असेल, तर ते संपेपर्यंत अर्ज मंजूर होऊच शकत नाही.

प्रश्न : माझ्या पत्नीवर २०१७ मध्ये, विद्यार्थी असताना, दुकानातून ८५ डॉलरचा माल उचलल्याची केस झाली. 'कंडिशनल डिसमिसल' मिळालं, पुढे रेकॉर्ड एक्सपंज झालं, म्हणजे कोर्टाच्या आदेशाने नोंद काढून टाकली गेली. वकील म्हणाले, आता केस झालीच नव्हती असं समजा. फॉर्मवर 'नाही' लिहायचं ना?
– एक वाचक, जर्सी सिटी

उत्तर : नाही. 'होय' लिहायचं. प्रश्न 'कधीही' अटक, समन्स किंवा आरोप झाला होता का, असा आहे. एक्सपंजमेंट हा राज्याचा आदेश आहे. नागरिकत्वाच्या फॉर्मवर त्याने उत्तर बदलत नाही. बोटांचे ठसे एफबीआयकडे जातात आणि जुनी अटक तिथून वर येऊ शकते.

इथे एक खाच आहे, जी फौजदारी वकिलांच्याही नजरेतून सुटते. न्यू जर्सीच्या कंडिशनल डिसमिसलमध्ये आधी गुन्हा कबूल करावा लागतो, मग वर्षभराची देखरेख आणि शेवटी केस रद्द. इमिग्रेशन कायद्यात कबुली आणि कसलंही बंधन एकत्र आलं की ती 'शिक्षा'च धरली जाते, केस नंतर रद्द झाली तरीही. पीटीआयमध्ये (खटल्याआधी केस थांबवून देखरेखीखाली ठेवण्याच्या योजनेत) सहसा कबुली घेत नाहीत, म्हणून तो मार्ग वेगळा ठरतो.

तरीही धीर सोडू नका. २०० डॉलरखालच्या मालाची चोरी न्यू जर्सीत 'डिसऑर्डर्ली पर्सन्स' प्रकारात येते, जास्तीत जास्त सहा महिने कैद. असा एकच गुन्हा असेल तर किरकोळ गुन्ह्याची सवलत बसते; शिवाय तो पाच वर्षांच्या मुदतीबाहेरचा आहे. एकट्या या केसमुळे नागरिकत्व अडू नये. शपथेवर खोटं 'नाही' सांगितलं, तर मात्र तेच नकाराचं स्वतंत्र कारण होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ग्रीन कार्डच्या आय-४८५ या अर्जावरही हाच प्रश्न होता. तिथे काय लिहिलं होतं? जुनी प्रत काढून स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. तिथे 'नाही' असेल, तर एन-४०० ला हात लावण्याआधी इमिग्रेशन वकील गाठा. अशा वेळी प्रश्न थेट ग्रीन कार्डावर येतो. एक्सपंज झाल्यावर कोर्टाकडे कागद सापडत नाहीत, म्हणून आदेशाची प्रत, 'नोंद उपलब्ध नाही' असं कोर्टाचं पत्र आणि जुन्या वकिलांकडची फाइल जमवा. एफबीआयकडून स्वतःचा रेकॉर्ड १८ डॉलरमध्ये मागवता येतो. तो आधी वाचा.

प्रश्न : वहिनीने २०२१ मध्ये पुण्यात ४९८-अ खाली तक्रार केली, त्यात माझंही नाव घातलं. मी तेव्हा इथेच होतो, अटक झाली नाही. पुढे तडजोड होऊन मुंबई उच्च न्यायालयाने एफआयआर रद्द केला. हे सांगायचं का?
– एक वाचक, टेक्सास

उत्तर : सांगायचं. फॉर्मचा प्रश्न अमेरिकेपुरता नाही आणि आरोपपत्र दाखल झालं असेल तर वादच नाही. फक्त एफआयआरवर थांबलं असलं, तरी आमचा सल्ला 'होय' लिहून दोन ओळींत खुलासा जोडण्याचा. एफआयआर आणि रद्द करण्याच्या आदेशाची प्रमाणित प्रत लावा.

एफआयआर मराठीत असेल, तर संपूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं, निवडक परिच्छेदांचं नाही. दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर पूर्ण व अचूक आहे, असं भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यायचं. नोटरीची गरज नाही. 'गु.र.नं.', 'फिर्यादी' हे शब्द तसेच इंग्रजी अक्षरांत लिहू नका, अर्थ द्या. आणि ज्यांची केस पोलिसांनी समरी अहवालाने बंद केली, त्यांनी 'ब समरी' म्हणजे तक्रार खोटी, 'क समरी' म्हणजे ना खरी ना खोटी, हा खुलासा जरूर जोडावा. अमेरिकन अधिकाऱ्याला ही अक्षरं एरवी कळणार नाहीत. भाषांतर तुम्ही किंवा भावाने करू नका. केसशी संबंध नसलेल्या माणसाकडून करून घ्या.