वाचकांचे प्रश्न : माइल्स नक्की कुठल्या एअरलाइनमध्ये जमवायचे?

मागच्या अंकात मी विमानाच्या सामानाबद्दल लिहिलं आणि शेवटी सहज विचारलं होतं की तुमच्यापैकी किती जण फ्रिक्वेंट फ्लायर नंबर (एअरलाइनच्या ज्या खात्यात उडाल्यावर माइल्स, म्हणजे तिकिटासाठी वापरता येणारे पॉइंट, जमतात त्याचा नंबर) वापरता, तर त्यावर एवढी पत्रं आली की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच देतेय. बडोद्यात रावपुऱ्यात तिकिटिंगच्या काउंटरवर वीस वर्षं काढलीत, त्यामुळे लोकांचे माइल्स कसे वाया जातात हे अगदी जवळून पाहिलंय, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं वाईट वाटतं कारण ते तुमच्याच पैशाचे असतात, कोणी फुकट दिलेले नसतात.

प्रश्न : ताई, माझं मकरपुरा जीआयडीसीत छोटं युनिट आहे, वाल्व्हचे पार्ट बनवतो. वर्षातून साधारण सहा वेळा सिंगापूर, दोनदा क्वालालंपूर, आणि दिल्लीच्या चार-पाच चकरा होतात. प्रत्येक एअरलाइनचं कार्ड काढून ठेवलंय, सिंगापूर एअरलाइन्स, मलेशिया एअरलाइन्स, एअर इंडिया, इंडिगो, शिवाय जुनं विस्ताराचं होतं. पाच ठिकाणी थोडे थोडे पडलेत, कशातच तिकीट येत नाही. यातला सगळ्यात चांगला प्रोग्राम कुठला?
(एक वाचक, मकरपुरा)

उत्तर : दादा, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे, पाच ठिकाणी थोडे थोडे. सगळ्यांसाठी सगळ्यात चांगला असा एक प्रोग्राम नाहीये. तुमची विमानं कुठे जातात आणि तुमचे माइल्स कधी मरतात या दोन गोष्टी बघून ठरवायचं, आणि लोक नेमकं दुसरी गोष्ट बघतच नाहीत. किती मिळतात ते सगळे विचारतात, किती दिवस टिकतात ते हजारात एखादा विचारतो.

आता तुमचाच हिशोब करू. आपल्या हरणीच्या विमानतळावरून परदेशी जायचं तर मुंबई-दिल्ली करावं लागतं म्हणून तुम्ही एक्सप्रेस वेने अमदावादला जात असाल, तिथून सिंगापूर एअरलाइन्सची थेट फ्लाइट आहे. अमदावाद ते सिंगापूर अंतर अडीच हजार मैलांच्या आसपास. त्यांचा प्रोग्राम क्रिसफ्लायर, त्यात माइल्स अंतरावर आणि तिकिटाच्या प्रकारावर मिळतात, आणि सगळ्यात स्वस्त इकॉनॉमी लाईट तिकिटावर अंतराच्या निम्मेच. म्हणजे एका येण्याजाण्याचे साधारण अडीच हजार, सहा चकरांचे पंधरा हजार. जास्त उडणाऱ्यांना ते स्टेटस, म्हणजे वरचा दर्जा, देतात, त्यातलं एलिट सिल्व्हर २५,००० ला मिळतं आणि एलिट गोल्ड ५०,००० ला, तेही एका वर्षात. लाईटवर तुम्ही सिल्व्हरलासुद्धा पोचत नाही. पूर्ण माइल्स देणारं महाग तिकीट काढलं तर एका चकरीचे पाच हजार, मग सहा चकरांत तीस हजार होऊन सिल्व्हर होईल, पण गोल्डला दहा चकरा लागतील.

आणि सिल्व्हर मिळवून करायचं काय हा प्रश्न आहे, कारण खरा फायदा गोल्डला सुरू होतो. क्रिसफ्लायर एलिट गोल्ड म्हणजे स्टार अलायन्स गोल्ड (स्टार अलायन्स हा एकमेकींचे माइल्स चालवून घेणाऱ्या एअरलाइन्सचा गट), त्यात लाउंज मिळतं, चेक-इनची रांग वेगळी, बोर्डिंग आधी, सामान आधी येतं, आणि वजनाच्या हिशोबाने वीस किलो जास्त नेता येतं. हे जास्तीचे वीस किलो ज्यांची मुलं सिंगापूरला आहेत त्यांना विचारा, लीलो चेवडो, भाखरवडी आणि आईच्या हातचा गोडा मसाला यांनीच बॅग भरते. सिल्व्हरमध्ये थोडे जास्तीचे माइल्स सोडले तर रोजच्या प्रवासात फारसं काही बदलत नाही. म्हणून दादा, नुसत्या स्टेटससाठी महाग तिकीट काढू नका. तारीख बदलायची वेळ येते म्हणून तुम्हाला तसंही वरच्या प्रकारचं तिकीट लागत असेल तर गोष्ट वेगळी, मग स्टेटस आपोआप येईल.

पण माइल्स मात्र क्रिसफ्लायरमध्येच जमवा, कारण तुमचं सगळ्यात जास्त उडणं तिथे आहे. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, क्रिसफ्लायरचे माइल्स मिळाल्यापासून तीन वर्षांनी जातात, मग तुम्ही मध्ये दहा वेळा उडालात तरी जुने जातातच. त्यामुळे "जमू देत, मुलाच्या लग्नाला सगळे जाऊ" असलं काही करू नका. दर दोन वर्षांनी एक अवॉर्ड तिकीट, म्हणजे माइल्स देऊन मिळणारं तिकीट, काढून टाका. त्यांचा चार्ट ठरलेला आहे, कुठून कुठे किती माइल्स ते आधी कळतं, आणि २०१७ पासून स्वतःच्या विमानांच्या अवॉर्ड तिकिटावर ते फ्युएल सरचार्ज लावत नाहीत, फक्त टॅक्स आणि एअरपोर्टचे चार्ज भरायचे. घरच्या माणसांसाठी तिकीट काढायचं तर त्यांची नावं आधी नॉमिनी म्हणून टाकावी लागतात, पाच जणांपर्यंत, ते आजच करून ठेवा.

दिल्लीच्या चकरा एअर इंडियाने करत असाल तर एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे, म्हणजे बुकिंग करताना तिथे क्रिसफ्लायरचा नंबर टाकता येतो. तिकिटावर क्लासच्या पुढे एक अक्षर असतं ना, त्यावर ठरतं किती मिळतील, अगदी स्वस्त अक्षरांवर काहीच मिळत नाही असंही होतं, म्हणून बुकिंगच्या आधी क्रिसफ्लायरच्या यादीत ते अक्षर बघायचं. एअर इंडिया एक्सप्रेस मात्र अलायन्समध्ये नाही आणि स्कूटपण नाही, स्कूट सिंगापूर एअरलाइन्सच्याच घरची असली तरी. नाव सारखं दिसतं म्हणून लोक फसतात.

क्वालालंपूरसाठी मलेशिया एअरलाइन्सची अमदावादहून थेट फ्लाइट २०२३ च्या डिसेंबरपासून आहे, तीच घ्या, माइल्ससाठी सिंगापूरला वळसा घालून अर्धा दिवस घालवू नका, तुमच्या युनिटवरचा अर्धा दिवस माइल्सपेक्षा महाग आहे. ती कंपनी वनवर्ल्ड नावाच्या दुसऱ्या गटात येते, त्यामुळे तिथले माइल्स क्रिसफ्लायरमध्ये जाणार नाहीत. त्यांचा स्वतःचा प्रोग्राम एनरिच, पण वर्षाला दोन चकरांत तिथे काही जमणार नाही. त्यापेक्षा वनवर्ल्डमधल्याच कतार एअरवेजच्या प्रिव्हिलेज क्लबमध्ये टाका, तिथे एव्हिऑस (त्यांच्या माइल्सचं नाव) मिळतात आणि ३६ महिन्यांत खात्यात काही ना काही हालचाल झाली की सगळे जिवंत राहतात. थोडे थोडे जमणाऱ्यांसाठी असं हालचालीवर टिकणारं खातंच बरं. आणि उद्या दोहामार्गे युरोपला जायची वेळ आली तर तेच कामाला येतील.

विस्ताराचं म्हणाल तर विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली आणि क्लब विस्ताराचे पॉइंट एअर इंडियाच्या प्रोग्राममध्ये गेले, ज्याला आता महाराजा क्लब म्हणतात. दोन्हीकडे नाव एकसारखं नसेल तर खातं जुळत नाही, एकदा लॉगिन करून बघाच. इंडिगोचं ब्लूचिप असू द्या, पण इंडिगो कुठल्याच अलायन्समध्ये नाही, तिथले पॉइंट मुख्यतः तिथेच वापरायचे.

प्रश्न : ताई, मुलगी दुबईला असते, मी आणि हे वर्षातून दोनदा अमदावादहून एमिरेट्सने जातो. मुलीने स्कायवर्ड्सचं खातं काढून दिलंय पण नंबर टाकायचा असतो हेच माहीत नव्हतं. मागचे माइल्स मिळतील का? आणि आमच्या दोघांचे एकत्र होतात का?
(एक वाचक, कारेलीबाग)

उत्तर : काकू, मिळतील पण सगळे नाहीत. बहुतेक एअरलाइन्स सहा महिन्यांच्या आतल्या प्रवासाचे माइल्स मागून देतात, त्याच्या आधीचं गेलं. स्कायवर्ड्सच्या वेबसाइटवर लॉगिन करून न आलेल्या माइल्सचा क्लेम टाकायचा, त्यात तिकिटाचा तेरा आकडी नंबर लागतो. तो पीएनआर नाही हं, लोक पीएनआर टाकतात आणि मग नाही म्हणून येतं. एमिरेट्सचा तिकीट नंबर १७६ ने सुरू होतो, ईमेलवर आलेल्या तिकिटात शोधा. बोर्डिंग पासचा फोटोपण काढून ठेवत जा, घरी पोचल्यावर फेकायची घाई नको, माइल्स खात्यात दिसेपर्यंत जपायचा.

दुसरं, नाव. आपल्याकडे गुजरातच्या पासपोर्टवर पुष्कळदा स्वतःच्या नावाला जोडून नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव येतं आणि मग आडनाव, पण खातं काढताना मुलं नुसतं नाव-आडनाव टाकतात. तिकीट पासपोर्टप्रमाणे निघतं आणि खात्याशी जुळत नाही, मग माइल्स येतच नाहीत. माझ्या काउंटरवर येणाऱ्या दहा तक्रारींत निम्म्या याच्याच असायच्या. आधी खात्यातलं नाव पासपोर्टसारखं करून घ्या, मग क्लेम करा.

एकत्र करायचं तर स्कायवर्ड्समध्ये माय फॅमिली म्हणून सोय आहे, घरातले सगळे आपले माइल्स एका खात्यात जमवू शकतात. तुमच्यासारख्यांना हे फार उपयोगाचं आहे, मुलगी-जावईपण येत-जात असतील तर त्यांचेही त्यात येऊ देत. फक्त स्कायवर्ड्सचे माइल्स तीन वर्षांच्या हिशोबाने तुमच्या वाढदिवसाच्या महिन्याच्या शेवटी जातात, म्हणून वाढदिवसाच्या दोन महिने आधी एकदा खातं उघडून बघायचं. आणि अवॉर्ड तिकिटावर टॅक्सबरोबर कंपनीचा सरचार्जही लागतो, म्हणजे तिकीट काढताना रोख किती भरायचेत ते आधी बघा. कधी कधी सेलमधलं तिकीट विकत घेणंच बरं पडतं, तेव्हा माइल्स क्लास अपग्रेडसाठी ठेवा. काकांचे गुडघे दुखतात असं तुम्ही लिहिलंय, साडेतीन तासांच्या फ्लाइटला पाय पसरायला मिळाले तर त्यांना खरंच बरं वाटेल.

प्रश्न : मी दरवर्षी चीनमधल्या ग्वांगजूच्या कँटन फेअरला, तिथल्या मोठ्या व्यापार मेळ्याला, दोन्ही वेळा जातो, मुंबईहून कॅथेने हाँगकाँग आणि पुढे ट्रेन. बाकी कुठे जाणं नाही. वर्षाला दोन चकरांसाठी कार्डाचा काही उपयोग आहे का, की डोक्याला ताप?
(एक वाचक, अलकापुरी)

उत्तर : आहे, आणि तुमच्यासाठी तर अगदी सोपं आहे. कॅथे पॅसिफिकचे एशिया माइल्स २०२० पासून हालचालीच्या नियमावर चालतात, अठरा महिन्यांत एकदा जरी मिळवले किंवा वापरले तरी सगळे टिकतात. फेअर १५ एप्रिलला आणि १५ ऑक्टोबरला सुरू होतो, म्हणजे तुमच्या दोन चकरांत सहा महिन्यांचंच अंतर, एखादा फेअर चुकला तरीही चालतं. तीन वर्षांच्या नियमात तुमच्यासारख्याचं नुकसान झालं असतं, इथे हळूहळू जमतील. सिल्व्हरला ३०० स्टेटस पॉइंट लागतात, त्याच्यामागे लागू नका, नुसते माइल्स जमवा. आणि हाँगकाँग एअरपोर्टमधून बाहेर पडून ट्रेन पकडायची तर भारतीय पासपोर्टवर प्री-अरायव्हल रजिस्ट्रेशन ऑनलाइन करावं लागतं, ते मुदतीत आहे ना दर वेळी बघत जा, मुंबईच्या काउंटरवर अडकलेली माणसं मी पाहिलीत.

प्रश्न : क्रेडिट कार्डाचे पॉइंट एअरलाइनमध्ये बदलून ठेवू का? आणि एअरलाइनच बंद पडली तर?
(एक वाचक, दांडिया बाजार)

उत्तर : बदलून ठेवू नका. कार्डाचे पॉइंट एकदा एअरलाइनमध्ये गेले की परत येत नाहीत आणि त्यांचं एक्स्पायरीचं घड्याळ लगेच सुरू होतं. आधी सीट शोधा, तारीख ठरवा, त्या दिवशी अवॉर्ड सीट आहे असं दिसलं की मगच तेवढेच बदला, आणि बदली व्हायला काही कार्डांना दोन-तीन दिवस लागतात तेही धरून चाला.

बंद पडायचं म्हणाल तर ते आपण डोळ्यांनी पाहिलंय. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली आणि किंग क्लबचे पॉइंट घेऊन लोक काउंटरवर यायचे, माझ्याकडे द्यायला काही उत्तर नसायचं. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली, त्यांचा प्रोग्राम वेगळ्या कंपनीत असल्यामुळे माइल्स इंटरमाइल्स नावाने राहिले, पण ज्या विमानात बसायला म्हणून जमवले होते ते विमानच नव्हतं. आणि कंपनी चालू असूनही माझे स्वतःचे एकेचाळीस हजार माइल्स एका परदेशी एअरलाइनमध्ये गेले, वडिलांना घेऊन जायचं म्हणून जमवत होते, त्यांची तब्येत बिघडली, जाणं पुढे पुढे ढकललं आणि एका महिन्याच्या शेवटी खातं शून्य. फोन केला तर नियम आहे म्हणाले, आणि नियम होताच, मीच तारीख बघितली नव्हती. तेव्हापासून माझ्या मोबाइलमध्ये प्रत्येक खात्याची एक्स्पायरी कॅलेंडरवर टाकलेली आहे, सहा महिने आधीचा अलार्म लावून. तुम्हीपण आज रात्री जेवण झाल्यावर तेवढं एक करा.