मॉरिशसमध्ये उपराष्ट्रपतीपद कधी आलं? त्याला काही अर्थ आहे का?

१२ मार्च १९९२ ला देश प्रजासत्ताक झाला, तेव्हा. पहिले उपराष्ट्रपती रवींद्र घरभरन. जनता मत देत नाही; पंतप्रधान ठराव मांडतात आणि संसद बहुमताने निवडते, मुदत ५ वर्षं. म्हणजे नेमणूक राजकीयच. आपल्याकडच्यासारखं वरिष्ठ सभागृहाचं अध्यक्षपदही नाही, कारण सभागृह एकच. एरवी काम बेताचंच.

खरी परीक्षा राष्ट्रपतीपद रिकामं झालं की होते. फेब्रुवारी २००२ चं उदाहरण बघा. दहशतवादविरोधी विधेयकावर सही करायची नाही म्हणून राष्ट्रपती कासम उतीम यांनी राजीनामा दिला. राष्ट्रपती विधेयक एकदाच परत पाठवू शकतात; दुसऱ्यांदा आलं की सही करा, नाहीतर खुर्ची सोडा. कारभार उपराष्ट्रपती अंगिदी चेट्टियार यांच्याकडे आला, तर त्यांनीही सही न करता पद सोडलं! शेवटी सरन्यायाधीश अरिरंगा पिल्ले यांनी हंगामी राष्ट्रपती म्हणून सही केली. गंमत म्हणजे हेच चेट्टियार २००७ मध्ये पुन्हा उपराष्ट्रपती झाले.

२०१० मध्ये मोनिक ओसाँ बेलपो आल्या, या पदावरच्या पहिल्या महिला. २०१२ आणि २०१५ मध्ये त्यांनी हंगामी राष्ट्रपतीपद सांभाळलं.