पिस्टनच्या थर्मल अ‍ॅनालिसिसमध्ये गॅसचं तापमान आणि एच किती घ्यायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लॅबमधलं किर्लोस्कर टीव्ही-१ डिझेल इंजिन, अ‍ॅन्सिस या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये क्राऊनवर (पिस्टनच्या माथ्यावर) गॅस २००० अंश सेल्सिअस आणि एच (उष्णता किती सहज शिरते त्याचा गुणांक, वॅट प्रति चौ. मी. प्रति अंश) ५०० दिला, तर पिस्टन ६०० अंशांवर जातोय. काय चुकलं?

आधी एक गुणाकार करा. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ८७.५ मिमी, म्हणजे क्राऊनचं क्षेत्रफळ सुमारे ०.००६ चौ. मी. फरक १४०० अंश, एच ५००, म्हणजे पिस्टनमध्ये ४.२ किलोवॅट उष्णता शिरते. हे इंजिन पूर्ण लोडला शाफ्टवरच ५.२ किलोवॅट देतं! इंधनातून मिळतात १९-२० किलोवॅट; त्यातले पिस्टनच्या वाट्याला पाचेक टक्के यायला हवेत, तुमच्याकडे वीसच्या वर जाताहेत. शिवाय पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम साडेपाचशेच्या आसपासच वितळायला लागतं.

२००० हे तापमान खोटं नाही, पण ते क्रँकच्या दोन फेऱ्यांच्या, म्हणजे ७२० अंश क्रँक अँगलच्या सायकलमध्ये क्षणभरच असतं. १५०० आरपीएमला अख्खी सायकल ०.०८ सेकंदात संपते. तापमानाची ती लाट अ‍ॅल्युमिनियममध्ये मिलिमीटर-दीड मिलिमीटरपलीकडे पोचत नाही. म्हणून स्टेडी स्टेट (तापमान वेळेनुसार बदलत नाही असं धरून केलेलं गणित) चालतं, पण सरासरी नीट काढायला हवी. लॅबच्या प्रेशर सेन्सरचा डेटा घ्या, दर क्रँक अँगलला गॅसचं तापमान काढा आणि वोश्नीच्या सूत्राने (सिलिंडरमधल्या गॅसचा एच काढायचं प्रचलित सूत्र) एच काढा. एचची साधी सरासरी घ्या. तापमानाची मात्र साधी सरासरी घेऊ नका: एच आणि तापमानाच्या गुणाकाराची बेरीज भागिले एचची बेरीज. एच जास्त असतो तेव्हाच गॅस तापलेला असतो, त्यामुळे साध्या सरासरीने उष्णता कमी दिसते. अशा इंजिनाला एच दोनशे-तीनशेच्या घरात आणि तापमान ७०० अंशांच्या आसपास आलं तर गाडी रुळावर आहे समजा. वोश्नीच्या ३.२६ गुणक असलेल्या रूपात प्रेशर किलोपास्कलमध्ये टाकायचं असतं. पास्कल टाकलं तर एच अडीचशे पटीने फुगतो, आणि प्रोजेक्ट रिपोर्टांत हे सर्रास दिसतं.

खरी डोकेदुखी रिंगांची. ऑइल जेट (खालून मारलेला तेलाचा फवारा) नसलेल्या पिस्टनची निम्म्याहून जास्त उष्णता रिंगांमधूनच लायनरला (सिलिंडरच्या आतल्या नळीला) जाते, त्यामुळे तिथला एच अंदाजाने ठोकू नका. तेलाचा थर, रिंगची रुंदी, लायनरची भिंत, पाण्याकडचा एच, उष्णतेच्या वाटेतले सगळे रोध एकापुढे एक मांडून बेरीज करा. पाच मायक्रॉन तेलाचा रोध रिंगच्या लोखंडापेक्षाही कमी निघतो. सगळ्यात मोठा निघतो पाण्याकडचा. पूर्ण साखळी धरली असेल तर बाहेरचं तापमान पाण्याचं द्या, ८०-८५ अंश. लायनरपर्यंतच धरली असेल तर लायनरचं. साखळी पूर्ण आणि तापमान लायनरचं, अशी खिचडी केली की तोच रोध दोनदा मोजला जातो आणि पिस्टन उगाच तापलेला दिसतो.

क्राऊनच्या खालच्या बाजूला नुसतं उडणारं तेल असेल तर एच काही शेकड्यांत ठेवा. जेट असेल तर हजार-दोन हजार चालेल. स्कर्टवर (रिंगांखालच्या पिस्टनच्या बाजूंवर) फार वेळ घालवू नका.

मग पहिल्या रिंगच्या ग्रूव्हचं (खाचेचं) तापमान पाहा. ते २४०-२५० च्या वर जात असेल तर खऱ्या इंजिनात तिथे तेलाचा कार्बन जमून रिंग अडकली असती. तुमच्या लॅबचं इंजिन वर्षानुवर्षं चालतंय, तेव्हा आधी मॉडेलवर संशय घ्या.