नाशिकमध्ये पथदिव्यांची चाचणी घेताना सर्वांत कमी वॅटचा एलईडी निवडावा का?

नाही, आधी दोन खांबांच्या मधोमध रस्त्यावर किती उजेड पडतो ते लक्समीटरने मोजा, वॅट नंतर बघा. पथदिव्यांच्या देखभालीच्या कामात आहे, त्यावरून सांगतो. २५० वॅटचा सोडियम दिवा चोकसकट २७५ च्या आसपास वीज खातो, त्या जागी साधारण १२० वॅटचा एलईडी पुरतो. म्हणजे बचत बहुतेक पर्यायांत होतेच. खरा फरक उजेड पसरवणाऱ्या भिंगात असतो. हलक्या प्रतीच्या दिव्याखाली लख्ख पांढरं वर्तुळ पडतं आणि दोन खांबांमध्ये काळोखाचा पट्टा राहतो. दुचाकीवाल्याला खड्डा चुकवता येत नाही तो नेमका तिथेच. शहरातल्या मुख्य रस्त्यांसाठी आयएस १९४४ या भारतीय मानकात सरासरी १५ लक्स (लक्स हे उजेडाचं माप) सांगितलेत, आणि सर्वांत अंधाऱ्या जागीही त्याच्या ४० टक्के तरी. गंगापूर रोडसारख्या झाडीच्या रस्त्यावर पावसाळ्यात फांद्या भरल्या की पुन्हा मोजा. मात्र उजेड उत्तम असला तरी तेवढ्यावर पसंती देऊ नका: एलईडी सहसा बंद पडतो तो ड्रायव्हर, म्हणजे त्याला योग्य वीज पुरवणारा भाग, गेल्यामुळे, आणि वळवाच्या विजांत तो पटकन जातो. १० केव्ही (किलोव्होल्ट) सर्ज संरक्षण, म्हणजे विजेच्या अचानक उसळीपासून बचाव, मागा, एक पावसाळा दिवा खांबावर राहू द्या.