उलटतपास कागदावर उतरला का? तरुण वकिलांच्या काही प्रश्नांना उत्तरे

तालुका न्यायालयात बत्तीस वर्षे दिवाणी आणि फौजदारी दोन्ही बाजूंची कामे चालवल्यामुळे विदर्भातील कनिष्ठ वकील आणि काही पक्षकारही मला प्रश्न पाठवतात. बहुतेक प्रश्न साक्षीपुराव्याचे असतात आणि त्यांतला गोंधळ दर वेळी तोच असतो, म्हणून निवडक प्रश्नांना येथे एकत्र उत्तरे देत आहे. सरतपास म्हणजे साक्षीदार आणणाऱ्या पक्षाने त्याला विचारलेले प्रश्न, आणि उलटतपास म्हणजे समोरच्या बाजूने विचारलेले.

प्रश्न : सरतपासात आपल्याच साक्षीदाराला सूचक प्रश्न (ज्यांत उत्तर सुचवलेलेच असते असे) विचारता येतात का? (आर्वी)

समोरच्या पक्षाने हरकत घेतल्यास नाही. ओळखीपुरत्या, वादात नसलेल्या किंवा आधीच पुरेशा सिद्ध झालेल्या बाबींवर न्यायालय परवानगी देते. भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम 146 मुळातून वाचावे.

प्रश्न : मला वकिली सुरू करून दोन वर्षे झाली. सर मला तारखा घेणे, पुरसिस (न्यायालयाला द्यायचे छोटे लेखी निवेदन) देणे आणि नकला काढणे एवढेच काम देतात. उलटतपास शिकायचा कसा? (महिला वकील, राळेगाव)

तुमची तक्रार रास्त आहे, परंतु नकला काढण्याच्या कामाला कमी लेखू नका, कारण शिकण्याची वाट तेथूनच जाते. ज्या प्रकरणाची नक्कल काढाल, त्यातील साक्षीदाराचा सरतपास आधी वाचा, उलटतपासाचे पान झाकून ठेवा आणि आपण काय विचारले असते ते वहीत लिहून काढा. मग झाकलेले पान उघडून प्रत्यक्ष काय विचारले गेले ते पाहा, आणि शेवटी निकालपत्रात न्यायाधीशांनी त्या उलटतपासातील कोणती वाक्ये उचलली ते शोधा. चाळीस प्रश्नांपैकी निकालात तीन-चारच उत्तरे येतात, हे पाच-सहा प्रकरणांत पाहिले की उरलेले प्रश्न कशासाठी होते हा विचार आपोआप सुरू होतो. महिन्यातून दोन दिवस जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन सत्र न्यायालयात मागच्या बाकावर बसा. अनुभवाची अट पूर्ण होताच गरजूंना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा समितीच्या पॅनेलसाठी अर्ज करा, कारण पहिले स्वतंत्र प्रकरण बहुधा तेथूनच हाती येते. दरम्यान सरांना स्पष्ट सांगा की एका औपचारिक पंचाचा उलटतपास मला घेऊ द्या, प्रश्न लिहून आधी तुम्हाला दाखवते. तयारी पाहून नाही म्हणणारे ज्येष्ठ मी फार थोडे पाहिले आहेत.

प्रश्न : मारहाणीच्या प्रकरणात फिर्यादीने न्यायालयात नवीनच गोष्ट सांगितली, जी पोलिसांनी घेतलेल्या बयाणात नाही. मी उलटतपासात ते त्याच्याकडून कबूल करून घेतले. आता तपास अधिकाऱ्याचा उलटतपास घेण्याची गरज आहे का? (पुसद)

गरज आहे, आणि हा प्रश्न मला वर्षातून इतक्या वेळा येतो की याचे उत्तर सविस्तर देणे मी कर्तव्य समजतो.

पोलिसांसमोर दिलेले बयाण हा स्वतः पुरावा नसतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या (1 जुलै 2024 ला लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) कलम 180 खाली नोंदलेले हे बयाण कलम 181 प्रमाणे बचाव पक्षाला मुख्यतः एकाच कामासाठी वापरता येते, ते म्हणजे साक्षीदाराची विसंगती दाखवण्यासाठी. 1 जुलै 2024 पूर्वी प्रलंबित असलेल्या खटल्यांत हीच कलमे जुन्या संहितेची 161 आणि 162 म्हणून लागू राहतात, आणि साक्षीपुराव्यासाठी 1872 चा जुना पुरावा कायदाच चालतो. युक्तिवादात जुने-नवे आकडे एकत्र करू नका. सर्वोच्च न्यायालयाने तहसीलदार सिंग यांच्या प्रकरणात 1959 मध्येच या वापराच्या मर्यादा स्पष्ट केल्या आहेत.

पद्धत अशी आहे. साक्षीदाराच्या बयाणात न्यायालयातील साक्षीच्या विरुद्ध मजकूर असेल, तर तेवढाच मजकूर त्याला वाचून दाखवायचा. तो नाकारतो, तेव्हा त्या मजकुराला ‘अ’ ते ‘अ’ असे चिन्हांकित करून घ्यायचे, परंतु एवढ्याने तो सिद्ध होत नाही. बयाण नोंदवणारा अधिकारी पिंजऱ्यात आल्यावर, हा भाग साक्षीदाराने तुम्हाला सांगितला म्हणून तुम्ही लिहिला का, असे विचारून त्याच्याकडून होकार घ्यायचा, आणि मगच त्या भागाला निशाणी क्रमांक पडतो. वगळलेल्या बाबीचे तसेच आहे. साक्षीदार न्यायालयात प्रथमच म्हणतो की आरोपीच्या हातात कुऱ्हाड होती. तुम्ही बयाणाकडे लक्ष वेधता आणि साक्ष अशी नोंदली जाते : “आरोपीच्या हातात कुऱ्हाड होती असे मी पोलिसांना सांगितले होते. ते माझ्या बयाणात का नमूद नाही याचे कारण मला सांगता येणार नाही.” येथे कनिष्ठ वकील समाधानाने खाली बसतो. वास्तविक साक्षीदाराने, मी सांगितले होते, एवढेच म्हटले आहे. त्याने सांगितले नव्हते हे फक्त तपास अधिकारी सांगू शकतो, आणि त्यासाठी त्याला थेट विचारावे लागते : “हे म्हणणे खरे आहे की, या साक्षीदाराने त्याच्या बयाणात आरोपीच्या हातात कुऱ्हाड असल्याचे तुम्हाला सांगितले नाही?” अधिकाऱ्याचा होकार नोंदला गेला म्हणजे वर्तुळ पूर्ण होते. प्रत्येक वगळणूक विसंगती ठरते असेही नाही. ती महत्त्वाची आणि त्या संदर्भात अर्थपूर्ण असली पाहिजे.

मी एवढ्या आग्रहाने लिहितो त्याला कारण आहे. वकिलीच्या चौथ्या वर्षी धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) झालेल्या मारहाणीच्या खटल्यात मी तीन साक्षीदारांकडून अशा महत्त्वाच्या वगळणुका काढल्या होत्या. तपास अधिकाऱ्याच्या साक्षीच्या दिवशी मी दुसऱ्या तालुक्याच्या न्यायालयात होतो आणि माझ्या जागी उभ्या राहिलेल्या सहकाऱ्याने “उलटतपास नाही” असे सांगितले. माझ्या अशिलाला शिक्षा झाली. निकालपत्रात दीड ओळ होती, की या बाबी तपास अधिकाऱ्यामार्फत सिद्ध केलेल्या नाहीत. साक्षीदार परत बोलावण्याचा अर्ज निकालाच्या आधी केव्हाही करता आला असता, परंतु चूक मला निकाल वाचताना कळली. सहकाऱ्याला लेखी टिपण न देता मी गेलो, हा दोष माझा होता.

यामागची समजूत चुकीची असते ती अशी, की उलटतपास म्हणजे त्या क्षणी न्यायालयात उमटणारा प्रभाव. आपल्या तालुक्यांत साक्ष एक न्यायाधीश नोंदवतात, बदली होते, युक्तिवाद दुसरे ऐकतात. पुढे अपील जिल्ह्याला जाते आणि त्यानंतर नागपूर खंडपीठाकडे. वरच्या न्यायाधीशांनी साक्षीदाराचा घाम पाहिलेला नसतो, ते टंकलिखित कागद वाचतात. म्हणून लघुलेखक काय लिहितो याकडे डोळे ठेवूनच प्रश्न विचारा. तुमच्या प्रकरणात तपास अधिकाऱ्याची साक्ष व्हायची असेल तर आजच तक्ता करा : साक्षीदार, पान, वगळणूक, अधिकाऱ्याला विचारायचा प्रश्न. साक्ष होऊन गेली असेल तर साक्षीदार परत बोलावण्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 348 खालील अर्जाबाबत पूर्ण कागदपत्रांसह ज्येष्ठ फौजदारी वकिलांचा याच आठवड्यात सल्ला घ्या.

प्रश्न : ऑनलाइन “उलटतपास तज्ज्ञ” अभ्यासक्रम आणि पाचशे तयार प्रश्नांची पीडीएफ घ्यावी का? (वणी)

पैसे वाचवा. तयार प्रश्न दुसऱ्याच्या प्रकरणातून निघालेले असतात आणि तुमच्या साक्षीदाराने त्या तारखेला त्या वावरात काय पाहिले हे त्या पीडीएफला माहीत नसते. दोन महिन्यांपूर्वी धनादेश अनादराच्या खटल्यातील कर्जाविषयीचे छापील प्रश्न एका तरुण वकिलाने वाटणीच्या दाव्यात वापरताना मी ऐकले, आणि त्याच्या पक्षकाराने कधी नाकारलेच नव्हते ते व्यवहार त्याने स्वतःच्या तोंडाने वादात आणले. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे निवाड्यांचे उतारेही तसेच. मूळ निवाडा उघडून परिच्छेद वाचल्याशिवाय ते न्यायालयात उच्चारू नका. मनापासून शिकायचे असेल तर एक जुने तत्त्व पक्के करा, जे इंग्लंडमधील ब्राऊन विरुद्ध डन या 1893 च्या निवाड्यापासून आपल्याकडेही मानले जाते : साक्षीदाराचे म्हणणे खोटे आहे असे युक्तिवादात म्हणायचे असेल, तर आपली बाजू त्याच्यासमोर ठेवून त्याला उत्तराची संधी दिली पाहिजे.

प्रश्न : आमचे वादी वयस्कर कास्तकार आहेत. त्यांना प्रमाण मराठी बोलता येत नाही. साक्षीआधी त्यांना उत्तरे पाठ करून द्यावीत का? (दर्यापूर)

देऊ नयेत. ते व्यवसायाच्या शिस्तीत बसत नाही आणि पाठ केलेली साक्ष तिसऱ्या प्रश्नाला कोसळते. मात्र तयारी करून घेणे वेगळे, आणि ते तुमचे काम आहे. 2002 पासून दिवाणी दाव्यात सरतपास प्रतिज्ञापत्रावर होतो, आणि अनेक कार्यालयांत दाव्याचा मजकूरच जसाच्या तसा प्रतिज्ञापत्रात उतरवला जातो. मग समोरचा वकील पहिलाच प्रश्न टाकतो, की हे कोणी लिहिले आणि तुम्हाला वाचून दाखवले का, आणि म्हातारा खरे तेच सांगतो. म्हणून प्रतिज्ञापत्र त्यांना त्यांच्या बोलीत समजावून सांगा, सातबारा आणि मोजणीचा नकाशा पुढे ठेवून धुरा कुठे, विहीर कुठे, पांदण कुठून जाते हे त्यांच्याकडून ऐका, आणि शक्यतो एकदा वावरात जाऊन या.

वऱ्हाडीत बोलण्याची त्यांना मुळीच लाज वाटू देऊ नका. लक्ष ठेवायचे ते नोंदीवर. एका साक्षीदाराने माझ्यासमोर सांगितले होते, “दिवस बुडाला होता, पण मानूस वळखू ये,” आणि नोंद झाली, “अंधार पडला होता.” ओळख पटण्याचाच प्रश्न वादात असताना हा फरक सगळे प्रकरण बदलतो. मी उभा राहून साक्षीदाराचेच शब्द नोंदवण्याची विनंती केली आणि न्यायालयाने ती मान्य केली. विशेष कारण असेल तेव्हा प्रश्न आणि उत्तर जसेच्या तसे नोंदवण्याचा अधिकार दिवाणी न्यायालयाला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 18, नियम 10 खाली आहे. तक्रार त्याच वेळी आणि नम्रपणे करावी. आठवड्यानंतर केलेल्या तक्रारीला किंमत राहत नाही.

प्रश्न : सरतपास झाला की उलटतपासासाठी पुढील तारीख घ्यावी, म्हणजे तयारीला वेळ मिळतो, असे आमच्या बारमध्ये सांगतात. (मेहकर)

असे सांगणाऱ्यांचे ऐकू नका. तयारी साक्षीदार पिंजऱ्यात येण्याआधी करायची असते. दिवाणी संहितेच्या आदेश 17 प्रमाणे सुनावणीदरम्यान एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुब्या देता येत नाहीत, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 346 मध्ये त्याहून कडक मर्यादा आहे, आणि वकील दुसऱ्या न्यायालयात गुंतला आहे हे कारण दोन्हीकडे चालत नाही. विनोद कुमार विरुद्ध पंजाब राज्य या 2015 च्या प्रकरणात सरतपासानंतर सुमारे वीस महिन्यांनी उलटतपास झाला आणि साक्षीदार उलटला. सर्वोच्च न्यायालयाने या प्रथेवर तीव्र नापसंती नोंदवली. आणि साक्षीदाराचा विचार करा. तुरीच्या सोंगणीचा दिवस मोडून, पहाटेची एसटी पकडून आलेला माणूस चार वाजता नुसती तारीख घेऊन परत जातो. दुसऱ्यांदा तो येईलच असे नाही.

प्रश्न : आमचाच साक्षीदार फितूर झाला, म्हणजे आमच्याविरुद्ध बोलला. त्याची संपूर्ण साक्ष वाया गेली का? (मूल)

नाही. परवानगी घेऊन साक्ष्य अधिनियमाच्या कलम 157 खाली त्याला उलटतपासाचे प्रश्न विचारा. त्याच्या साक्षीतील विश्वासार्ह भाग न्यायालय स्वीकारू शकते.

प्रश्न : आजी अंथरुणाला खिळलेली आहे आणि वाटणीच्या दाव्यात तिची साक्ष महत्त्वाची आहे. वकील म्हणतात बरी होईपर्यंत थांबू. (पक्षकार, साकोली)

थांबू नका. दिवाणी संहितेच्या आदेश 26 खाली आजारी किंवा अशक्त व्यक्तीची साक्ष घरी जाऊन घेण्यासाठी आयुक्त नेमता येतो, आणि नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायिकाचे प्रमाणपत्र न्यायालय पुरावा म्हणून स्वीकारू शकते. तेथे उभ्या राहणाऱ्या वकिलाने मात्र न्यायालयात असल्यासारखेच वागावे. आयुक्त हरकतींवर निर्णय देत नाही, तो त्या नोंदवतो, म्हणून प्रत्येक हरकत त्याच क्षणी शब्दशः लिहून घेतली पाहिजे. खोलीत कोण कोण होते, आजीला कोणी खुणा केल्या का, विश्रांतीसाठी किती वेळ साक्ष थांबली, हेही नोंदीत यावे. अर्ज या आठवड्यातच द्या, आणि तुमचे वकील तरीही टाळत असतील तर तालुका विधी सेवा समितीत विचारणा करा.

प्रश्न : समोरच्या पक्षाने पैसे घेतल्याचे फोनवर कबूल केले, ते रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. पेनड्राइव्ह दाखल केला की पुरे ना? (चिखली)

पुरे नाही. साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते, त्याच्या नमुन्यात फाइलचे हॅश मूल्यही (फाइलमध्ये बदल झाला नाही हे तपासण्याची संगणकीय खूण) द्यावे लागते, आणि नमुन्याचा दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा आहे. जुन्या कलम 65-ब खाली असे प्रमाणपत्र आवश्यक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर यांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. मूळ मोबाइल विकू नका, फॉरमॅट करू नका, ते रेकॉर्डिंग कापून किंवा जोडून कोणाला पाठवू नका, आणि फोनसह तुमच्या वकिलांना प्रत्यक्ष भेटा.