वर्षभर प्रार्थना करूनही आई गेली. माझा विश्वास कमी पडला का?

तुम्ही लिहिलंय, आईसाठी वर्षभर प्रार्थना केली, उपास केले, तरी ती गेली. आणि ओळखीतलं कुणीतरी म्हणालं की तुमचाच विश्वास कमी पडला. ते वाक्य आधी मनातून काढून टाका. बायबलमधल्या ईयोबावर काही दोष नसताना संकटं कोसळली, तेव्हा त्याचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले होते, तोवर ठीक होतं. मग तोंड उघडलं आणि तुझंच काहीतरी चुकलं असणार म्हणायला लागले. शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर, ईयोबाच्या बाजूने.

मी मूळची सावंतवाडीची, लग्न होऊन म्हापशाला आले. माझ्या दादाच्या दोन्ही किडन्या गेल्या, त्या वर्षी मी जुन्या गोव्याच्या नोव्हेनाला, म्हणजे संताच्या सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला, नऊच्या नऊ दिवस गेले, 24 नोव्हेंबर ते 2 डिसेंबर. पहाटेची बस, पणजीला बदलायची, पर्समध्ये दादाच्या रिपोर्टची घडी. फेब्रुवारीत दादा गेला. त्यानंतर वर्षभर मिस्सात, चर्चमधल्या उपासनेत, सगळे ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणायचे, मीही म्हणायचे. पण ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ आलं की माझे ओठ मिटायचे.

एका वयस्क फादरांना हे सांगितलं. ते समजावायला गेले नाहीत. एवढंच म्हणाले, ज्या संताकडे तू नऊ दिवस गेलीस, तो स्वतः काय मागत मेला ते ठाऊक आहे का? फ्रान्सिस झेवियरला चीनला जायचं होतं. 1552 मध्ये तो सँच्यान बेटावर पोचला, चीनचा किनारा तिथून जवळच. ज्या व्यापाऱ्याने पलीकडे न्यायचं कबूल केलं होतं, तो आलाच नाही. तापाने फणफणत, वाट बघत, 3 डिसेंबरला झेवियर तिथेच वारला, वयाच्या 46व्या वर्षी. त्याच तारखेला आपण त्याचं फेस्त, म्हणजे सण, करतो. इतकी वर्षं रांगेत उभी राहिले, पण हे कधी मनातच आलं नव्हतं.

आणि क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत स्वतः प्रभू येशू. हा दुःखाचा प्याला टळू दे, असं त्याने एकदा नव्हे, तीनदा मागितलं. सोबतचे शिष्य झोपलेले. शुभवर्तमानात लूक लिहितो की देवदूत आला, त्याने बळ दिलं. प्याला मात्र टळला नाही. प्रेषित पौलानेही अंगातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, काढ म्हणून तीनदाच विनवलं, त्याला उत्तर मिळालं की माझी कृपा तुला पुरे. यांच्यापैकी कुणाचा विश्वास कमी होता म्हणायचं?

कुणी तुम्हाला संत मोनिकाची गोष्ट सांगेल. मुलाने, म्हणजे पुढे संत झालेल्या ऑगस्टिनने, रोमला जाऊ नये म्हणून ती रात्रभर प्रार्थना करत राहिली, तो तिला फसवून जहाजावर चढला. आणि त्याच वाटेने पुढे मिलानला जाऊन 387 मध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला. गोष्ट खरी आहे, सुंदर आहे. पण तुमची आई गेली त्यातून पुढे काही चांगलं निघेल, असं मी म्हणणार नाही. दादाच्या बाबतीत मला कुणी तसं म्हणालेलं सहन झालं नव्हतं.

माझ्या उपयोगी पडलं ते स्तोत्र 88. विलापाच्या बहुतेक स्तोत्रांत शेवटी कुठेतरी स्तुती येते, हे अंधारातच संपतं. तरी ते बायबलमध्ये ठेवलंय. एका रात्री मी ते स्वयंपाकघरात मोठ्याने वाचलं, देवाशी भांडल्यासारखं, आणि कित्येक महिन्यांनी वाटलं की मी कुणाशी तरी बोलतेय.

सध्या प्रार्थना होत नसेल तर ओढून-ताणून करू नका. मागच्या बाकावर बसा, बाकीचे म्हणतात ते ऐका. त्या एका ओळीपुरतं मी वर्षभर तेच केलं. आणि जमलं तर आईचं नाव मला कळवा. 2 नोव्हेंबरला सावंतवाडीला दादाच्या थडग्यावर मेणबत्ती लावायला जाते, तेव्हा एक तिच्यासाठीही लावीन.