आधी गाठ कापा, मग युरियाची गोणी फोडा

या वेळी सोयाबीन पिवळे पडल्याची पत्रे सर्वांत जास्त आहेत, म्हणून तो प्रश्न आधी घेतला आहे.

प्रश्न : सोयाबीन ३२ दिवसांचे आहे. जमीन काळी, भारी. आठ दिवस झड लागून होती, आता उघडीप आहे आणि सगळे रान पिवळे दिसते. एकरी एक गोणी युरिया फेका, असे सगळेच सांगतात. फेकू का? (ता. औसा, जि. लातूर)

गोणी सध्या तशीच राहू द्या. पिवळेपणा कोणत्या पानांवर आहे ते आधी पाहा. खालची जुनी पाने सगळीकडून सारखी पिवळी पडली असतील तर नत्र (नायट्रोजन) कमी पडतोय. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता. आपल्याकडे चुनखडीच्या, सामू (पीएच) ८ च्या पुढे गेलेल्या रानात हे नेहमीचे आहे. जमिनीत लोह असते, पण मुळांना ते उचलता येत नाही, आणि पाणी साचले की दुखणे वाढते. हिरव्या-पिवळ्या चट्ट्यांची नक्षी दिसली तर तो पिवळा मोझॅक. तो पांढरी माशी पसरवते. तिथे ना युरिया चालतो ना लोह, तशी झाडे दिसताच उपटून नष्ट करायची आणि माशीचा बंदोबस्त करायचा.

आता मुळांवरच्या गाठी बघा. त्यांतले रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र पकडून झाडाला देतात. झाड ओढून उपटू नका. काळ्या मातीत ओढले की गाठी तुटून जमिनीतच राहतात आणि ‘गाठीच नाहीत’ असा भलताच निष्कर्ष निघतो. खुरप्याने वीतभर खोल मातीच्या ढेकळासकट झाड काढा, बादलीभर पाण्यात दहा-पंधरा मिनिटे भिजू द्या आणि मुळे हलक्या हाताने धुवा. रानाच्या चार-पाच वेगवेगळ्या जागांची झाडे घ्या. बांधाजवळचे आणि पाणी थांबते तिथले एकेक झाड त्यात हवेच. मुख्य मुळाच्या वरच्या भागात आठ-दहा टपोऱ्या गाठी असतील तर ठीक आहे. त्यातल्या दोन-तीन ब्लेडने कापा. आतून गुलाबी किंवा लालसर दिसली तर गाठ कामावर आहे. आतून पांढरी असेल तर ती अजून सुरू झालेली नाही किंवा निकामी जिवाणूंची आहे. हिरवट-करडी आणि पिचपिचीत गाठ संपलेली समजा.

लाल रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा हा नातेवाईक. हवेतला नत्र पकडणारे विकर (एन्झाइम) प्राणवायूने बिघडते, पण जिवाणूंना श्वासासाठी प्राणवायू लागतोच. तो मोजूनमापून पोचवण्याचे काम हा लाल पदार्थ करतो. झडीत मातीच्या पोकळ्या पाण्याने भरल्या की प्राणवायूच तुटतो आणि गाठी काम थांबवतात. तुमच्या रानात बहुधा हेच झाले आहे.

म्हणून पहिले काम पाणी काढण्याचे. वाफसा आला, म्हणजे चिखल जाऊन माती नुसती ओलसर राहिली, की कोळपणी करा आणि कोळप्याला दोरी गुंडाळून दर चार-सहा ओळींनंतर सरी पाडा. शेंडा पिवळा असेल तर १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि २५ ग्रॅम चुन्याची निवळी मिसळून फवारा. द्रावण ताजे हवे, कारण तांबूस झाले की लोह वाया गेले. आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा फवारा. गाठी लाल असतील तर वाफसा आल्यावर पीक आपोआप हिरवे होते. युरियातून झाडाला आयता नत्र मिळाला की ते गाठींना साखर पुरवणे कमी करते. नव्या गाठी धरत नाहीत, जुन्या लवकर संपतात, पीक नुसते माजते आणि लोळते. गाठी खरोखरच नसतील, तेव्हाच वाफशावर एकरी २०-२५ किलो युरिया द्या. उभ्या पिकात जिवाणूंची आळवणी करणे, म्हणजे त्यांचे द्रावण मुळाशी ओतणे, भरवशाचे नाही. जिवाणू द्यायचे ते बियाण्यालाच.

प्रश्न : पेरणीवेळी आणलेली रायझोबियमची दोन पाकिटे उरली आहेत. रब्बीत हरभऱ्याला लावली तर चालतील का? आणि बियाण्याला आधीच बुरशीनाशक चोळलेले असते, त्याने जिवाणू मरत नाहीत का? (ता. केज, जि. बीड)

चालणार नाहीत. सोयाबीनचा जिवाणू ब्रेडिरायझोबियम जपोनिकम, हरभऱ्याचा मेसोरायझोबियम. दुसऱ्याच्या मुळावर त्याची गाठ धरत नाही. तूर, मूग, उडीद, चवळी, भुईमूग यांचा गट वेगळा. पाकिटावर पिकाचे नाव छापलेले असते, ते आणि वापराची अंतिम तारीख वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे भुकटीत ग्रॅमला किमान ५ कोटी आणि द्रवरूपात मिलिलिटरला किमान १० कोटी जिवंत जिवाणू असायला हवेत. पण मे महिन्यात पाकीट पत्र्याखाली किंवा गाडीच्या डिकीत राहिले तर छापलेल्या आकड्याला अर्थ उरत नाही. घरात माठाच्या बाजूची गार, सावलीची जागा त्याला पुरे.

मात्रा अशी : भुकटी असेल तर १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम, द्रवरूप असेल तर १० किलोला १०० मिलि. एकरी ३० किलो सोयाबीन पेरणार असाल तर तीन पाकिटे किंवा ३०० मिलि. स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणूही याच मात्रेत, याच वेळी लावता येतात.

बुरशीनाशक आधी, त्यानंतर कीटकनाशक, जिवाणू सगळ्यात शेवटी. कार्बोक्सिन-थायरमचे मिश्रण किलोला ३ ग्रॅम लावून बियाणे सावलीत सुकवा. रंगवलेले बियाणे आणले असेल तर पुन्हा बुरशीनाशक लावू नका. मग लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम गूळ उकळून पूर्ण गार करा, त्यात भुकटीची पातळ रबडी करा आणि ताडपत्रीवर पसरलेल्या बियाण्याला हलक्या हाताने लावा. गरम गुळवणीत जिवाणू तिथेच शिजतात. सोयाबीनला पाणी फार लावू नका. त्याची साल नाजूक असते, भिजली की सुरकुतते, चोळली की निघते, आणि साल निघालेले दाणे उगवत नाहीत. बियाणे ओलसर व्हावे, ओले नाही. गोणीत भरून आदळआपट तर अजिबात नको. सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी, शक्यतो चार-पाच तासांत पेरा. ७५ ते १०० मिमी पाऊस होऊन ओल खोल गेल्याशिवाय पेरू नका. कोरड्या, तापलेल्या मातीत पडलेले बियाणे एखादे वेळी तगते, त्यावरचे जिवाणू तगत नाहीत.

प्रश्न : डीएपी खत मिळत नाही. सोयाबीनला एकरी दुसरे काय द्यावे? (जि. हिंगोली)

शिफारस हेक्टरी ३० किलो नत्र, ६० स्फुरद, ३० पालाश (पोटॅश) आणि २० किलो गंधक. एकरी हिशोब : सिंगल सुपर फॉस्फेट १५० किलो, युरिया २६ किलो, म्युरेट ऑफ पोटॅश २० किलो, सगळे पेरणीसोबत, बियाण्याच्या खाली आणि बाजूला. सुपर फॉस्फेटमधून १६ किलोच्या आसपास गंधक फुकटात मिळते. ते डीएपीत नाही, त्यामुळे आमच्या मते हा तोटा नसून फायदाच आहे. जिवाणू लावलेले बियाणे आणि खत मात्र पाभरीच्या एकाच चाड्यात (बी सोडायच्या वाटीत) मिसळू नका.

प्रश्न : भाजीपाल्याच्या रानात मूग घेतला. मुळांना खूप गाठी आहेत, तरी झाडे खुरटलेली. (जि. जालना)

गाठ नखाने बाजूला ढकला. सहज सुटली तर जिवाणूची. मूळच फुगलेले असेल आणि गाठ मुळासकट तुटत असेल तर सूत्रकृमी (मुळांत शिरणारे सूक्ष्म जंत) आहेत. मागचे पीक टोमॅटो, वांगी किंवा भेंडी असेल तर ही शक्यता जास्त. त्या रानात पुढे ज्वारी घ्या.

प्रश्न : सोयाबीनचा बेवड चांगला म्हणून रब्बी ज्वारीला नत्र कमी दिले तर चालेल? (ता. गंगाखेड, जि. परभणी)

बेवड, म्हणजे आधीच्या पिकाने रानात मागे ठेवलेला कस, चांगला, पण वाटतो तितका नाही. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने, म्हणजे १० क्विंटल दाण्यांबरोबर ६० किलोच्या आसपास नत्र बाजारात जातो. गाठींनी हवेतून मिळवलेल्याचा मोठा वाटा त्यातच गेला. उरले ते भुसकट, मुळे आणि गळलेली पाने. भुसकट पेटवले तर त्यातला नत्र धुरासोबत गेला. ते रानात पसरा किंवा शेणकाल्यात कुजवून पुढच्या पिकाला द्या, आणि ज्वारीची शिफारशीची मात्रा कापू नका. तुरीचे बरे आहे, ती पानगळीने बरेच काही परत करते. मुगाच्या दोन तोडण्या झाल्यावर झाडे हिरवी असतानाच गाडली, तर मात्र ज्वारीच्या नत्रात थोडी कपात करायला हरकत नाही.